लग्न रॉमध्ये काढलं, आणि फोटो फिके निघाले

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मामांचा फोटो स्टुडिओ आहे. पत्र लिहिणारे भाचे मामांच्या हाताखाली लग्नाचे फोटो काढतात. कॅमेरा कॅननचा, वापरलेला घेतलेला. छत्रपती संभाजीनगरचा एक मित्र त्यांना सारखं ऐकवतो की खरा फोटोग्राफर रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढतो, जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, हे हौशी लोकांचं काम. म्हणून यंदा एका लग्नात त्यांनी आयत्या वेळी कॅमेरा रॉवर टाकला. ऐन अक्षतांच्या वेळी कार्ड भरलं. रात्री लॅपटॉपवर बघितलं तर सगळे फोटो फिके, मातकट. नवरीकडची मंडळी व्हॉट्सॲपवर फोटो मागत राहिली आणि जुना लॅपटॉप एकेक फाइल उघडताना अडकत राहिला. मामा म्हणाले, "कामून एवढा खटाटोप करायलास? कॅमेऱ्यातच नीट काढ की." कंप्युटरवर रंग बदलणं ही लबाडी आहे, असंही मामांचं मत. आता प्रश्न असा: रॉचा नाद सोडावा, की कर्ज काढून ८० हजारांचा लॅपटॉप आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रिय मित्र,

कर्ज काढू नका. रॉही सोडू नका. एवढं आधी सांगून टाकतो, कारण पत्रातली घालमेल मला नीट दिसते आहे आणि लग्नसराईतल्या अशा एका वाईट रात्रीनंतर माणूस घाईघाईने काहीतरी ठरवून मोकळा होतो.

तुम्ही विचारलंत ते दोन्ही रस्ते एकाच समजुतीतून निघतात. रॉ म्हणजे वरची पायरी, तिथे पोचायला पैसे लागतात, नाही जमलं तर आपण खालचे. ही समजूत तुम्हाला मित्राने दिली आणि तुम्ही ती तपासली नाहीत. म्हणून मी उलट विचारतो: त्या लग्नात तुम्हाला रॉ कशासाठी हवं होतं? कुठल्या फोटोत, कुठल्या अडचणीसाठी? पत्रात याचं उत्तर नाही. ते सापडलं की लॅपटॉपचा प्रश्न बराच लहान होतो.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद, जवळजवळ जशीच्या तशी. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत, तो फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक गाळण्यांची जाळी बसवलेली असते, त्यात निम्म्या हिरव्या आणि बाकी निम्म्यात लाल-निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली या रचनेचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. या नोंदीतून रंगीत चित्र कुणीतरी तयार करावं लागतं. जेपीईजी काढता तेव्हा कॅमेरा ते क्षणात करतो: पांढरा कुठला ते ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, रंग भडक करतो, धार आणतो, आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉमध्ये ती माहिती राहते आणि हे सगळं ठरवण्याचं काम तुमच्याकडे येतं. आकड्यांत सांगायचं तर जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

आता फोटो फिके का निघाले ते बघा. मंडपात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तुम्हाला जे छान दिसत होतं, ते रॉ नव्हतंच. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपीईजी नमुना असतो, पडद्यावर तो दिसतो. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने तो बाजूला ठेवला आणि मूळ नोंद स्वतःच्या साध्या, सपाट पद्धतीने उघडली. म्हणजे तुम्ही काही बिघडवलं नाही. फोटोचं अर्धं काम अजून व्हायचं होतं, आणि ते पाहुण्यांना पाठवायच्या रात्री तुमच्या समोर आलं. कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते कॅमेऱ्यात निवडलेली पिक्चर स्टाइल (रंग आणि कॉन्ट्रास्टची ठरावीक पद्धत) वाचतं, त्यामुळे त्यात तीच फाइल उघडलीत तर फोटो पडद्यावर दिसला होता तसाच दिसेल. निकॉनवाल्यांसाठी २०२१ मध्ये आलेलं एनएक्स स्टुडिओ आहे, सोनीवाल्यांसाठी इमेजिंग एज डेस्कटॉप. दोन्ही फुकट. सुरुवात याच सॉफ्टवेअरपासून करा, म्हणजे फिक्या फोटोची पहिली धास्ती तरी जाईल.

मामांचं म्हणणं आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण त्यातला अर्धा भाग रॉला जास्तच लागू आहे. "रॉ आहे ना, नंतर उजळून घेऊ" हे वाक्य संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही मंडपात ऐकू येतं, आणि त्यानेच सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. सेन्सरचा प्रत्येक ठिपका घागरीसारखा आहे: भरून वाहू लागली की पुढे किती पाणी पडलं ते कुणालाच सांगता येत नाही. नवरदेवाच्या फेट्याचा पांढरा तुरा किंवा आजोबांचं धोतर उन्हात पूर्ण पांढरंफट्ट झालं, तर रॉमध्येही तिथे काही उरत नाही. उलट बाजूला, अंधारात काढून नंतर उजळलं की सावल्यांत रंगीत दाणे येतात. याचं मुख्य कारण म्हणजे अंधाऱ्या भागात सेन्सरवर उजेडच कमी पडतो आणि त्यातली गडबड त्याच्या मानाने मोठी ठरते. शिवाय त्या १६,३८४ पायऱ्यांची वाटणीही सारखी नसते. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप; सगळ्यात उजळ स्टॉपला निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला त्याच्या निम्म्या, आणि असं करत सहाव्या स्टॉपला फक्त २५६ उरतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, असं धरावं की जिथला तपशील हवा आहे तो सगळ्यात पांढरा भाग काठोकाठ येईल पण वाहणार नाही. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट चालू करा, जळलेला भाग लुकलुकतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, हाही त्या जेपीईजी नमुन्यावरूनच बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रलवर ठेवलीत तर तो खऱ्याच्या जवळ जातो.

मग रॉ कशासाठी? तुमच्याच कामातलं बोलू. आपल्याकडे भर उन्हाळ्यात, दुपारी, कापडी मंडपाखाली लग्नं लागतात. कापड लाल असेल तर वरून गाळून आलेला उजेड लाल, गुलाबी असेल तर गुलाबी, आणि प्रत्येक चेहरा त्या रंगात न्हालेला. मंडपाच्या कडेला उभ्या माणसावर बाहेरचं पांढरं ऊन, स्टेजवर पिवळे हॅलोजन. कॅमेऱ्याने जेपीईजीत व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला हा अंदाज, चुकीचा धरला तर तो रंग चित्रात मुरतो. थोडा सुधारतो, पण ओढाताण केली की कातडीवर पट्टे आणि डाग दिसू लागतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त एक नोंद असते. साध्या बल्बच्या २,८०० केल्विनपासून (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) सावलीच्या ७,००० पलीकडे कुठेही न्या, फोटोचं काही नुकसान होत नाही. हळदीच्या कार्यक्रमात तर हे फार उपयोगी पडतं. सगळीकडे पिवळं बघून कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, तो फोटो निळ्याकडे ढकलतो, हळद मळकी दिसते आणि नवरीचा चेहरा आजारी.

यात एक बारकावा आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. सॉफ्टवेअरमधल्या व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने (क्लिक केलेल्या जागेला बिनरंगी धरणारं साधन) फोटोतली पांढरी वस्तू टिपायची, असं बरेच जण शिकवतात. आपल्याकडची हाताशी असलेली पांढरी वस्तू म्हणजे धोतर, टोपी, सदरा. त्यांना नीळ दिलेली असते, आणि कपड्याच्या पावडरमध्ये चकाकी आणणारं रसायन असतं जे उन्हात निळसर उजळतं. तिथे ड्रॉपर लावला की सॉफ्टवेअर तो निळा काढायला जातं आणि सगळं वऱ्हाड पिवळं करून ठेवतं. त्यापेक्षा फोटोग्राफीचं करड्या रंगाचं कार्ड घ्या, महाग नसतं. मंडपात शिरल्यावर करवलीच्या हातात देऊन एक फोटो, स्टेजवर एक, बाहेर उन्हात एक. घरी त्या कार्डावर ड्रॉपर लावायचा आणि तोच व्हाइट बॅलन्स त्या जागेच्या सगळ्या फोटोंना एकदम द्यायचा. हे एवढं केलंत तरी निम्मं एडिटिंग संपतं.

रॉने जे होत नाही तेही ऐकून ठेवा, नाहीतर पुढच्या लग्नात पुन्हा मन खट्टू होईल. हललेला फोटो, चुकलेला फोकस तसेच राहतात. दिव्यांच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तेही राहतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तेव्हा शटर सेकंदाच्या ५०व्या किंवा १००व्या भागावर ठेवून बघायचं. डीजेच्या निव्वळ निळ्या किंवा लाल एलईडीत चेहऱ्याचा तो एकच रंग भरून वाहतो आणि बाकीचे रंग नसतातच, तिथे रॉकडेही परत द्यायला काही नाही. एक्स्पोजर कमी करा, किंवा स्वतःचा फ्लॅश मारा.

लबाडीचा मुद्दा मी हलका धरत नाही. मामांना विचारा, रोलच्या काळात स्टुडिओत रिटचिंग होत होतं की नाही. डार्करूममध्ये प्रिंट करताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचे, दुसऱ्यावर जास्त उजेड द्यायचे, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकायचे. निगेटिव्ह एक आणि तिच्यातून प्रिंट कसा काढायचा हे ठरवणारा माणूस दुसरा, अशीच ही कला वाढली. तुम्ही जेपीईजी दिलात तरी रंग कुणीतरी बदललेलेच असतात. कॅमेऱ्याच्या कंपनीतल्या, ते लग्न कधी न पाहिलेल्या इंजिनियरांनी ते ठरवलेले असतात. मांडवात तुम्ही उभे होतात, शालू मोरपंखी होता की राणी रंगाचा हे तुम्हाला ठाऊक आहे, मग तो रंग तुम्ही ठरवण्यात लबाडी कसली? उलट बातमीच्या जगात रॉ हा पुरावा मानतात. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेरीतल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइल मागून घेतात, फोटोत काही घातलं किंवा काढलं नाही ना हे तपासायला.

माझी रेघ मात्र एका ठिकाणी पक्की आहे. "नवरीला जरा गोरं करा" ही मागणी तुमच्याकडेही येत असेल. रॉमध्ये ते दोन स्लायडरचं काम आहे, आणि म्हणूनच ते करू नका. आपल्या उन्हातल्या मुलींची सावळी कातडी रॉमध्ये इतकी सुंदर उतरते, तिच्यातल्या तांबूस, सोनेरी छटा जेपीईजीत बऱ्याचदा मरून जातात. त्या वाचवता येतात म्हणून रॉ, आणि मग त्याच पुसून टाकायच्या? घरच्यांना एक फोटो नीट करून दाखवा. बहुतेक वेळा त्यांना चेहरा उजळ हवा असतो, पांढरा नाही, आणि तेवढं एक्स्पोजर थोडं वाढवून होतं.

आता सुरुवात कशी करायची. आयत्या वेळी, दुसऱ्याच्या लग्नात तर नाहीच. तुमच्या धंद्याला वर्षातून एक सुट्टी आपोआप मिळते: आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. हा चातुर्मास शिकण्याला द्या. कॅमेरा रॉ आणि जेपीईजी दोन्ही एकत्र काढेल असा ठेवा. चारठाण्याची जुनी मंदिरं तुमच्याच जिल्ह्यात आहेत. दुपारी जा, काळा दगड, आत अंधार, दारातून कडक ऊन, एवढी कठीण परीक्षा स्टुडिओत होणार नाही. येलदरी धरणाच्या पाण्यावरची सकाळ काढा, शेतातली माणसं काढा, घरात खिडकीशी बसलेल्या आजीला काढा. मग जेपीईजी एका बाजूला उघडा आणि रॉमधून तसाच फोटो स्वतः बनवायचा प्रयत्न करा. कॅमेऱ्याची बरोबरी करता येऊ लागली की त्याच्या पुढे जायचं बघा.

क्रम साधा ठेवा. आधी व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणि सावल्या गरजेपुरत्या वर, मग काळा भाग खरोखर काळा. लेन्समुळे फोटोत आलेल्या दोषांची दुरुस्ती, दाणे कमी करणं, धार हे सगळं शेवटी. सावल्यांचा स्लायडर टोकाला नेऊ नका. काळा दगड करडा झाला की वेरूळचं कैलासही सिमेंटचं वाटतं. लॅपटॉपचा ब्राइटनेस मध्यावर ठेवा, कारण पूर्ण उजळ पडद्यावर केलेले फोटो अल्बममध्ये अंधारे छापून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा; रात्री शोभून दिसलेला अर्धा भडकपणा तेव्हा नकोसा वाटतो.

कंपनीच्या सॉफ्टवेअरवर हात बसल्यावर पुढे जायचं असेल तर रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन्ही पूर्णपणे फुकट आणि कायदेशीर आहेत. डार्कटेबल जुन्या मशीनवर जड जातं, शिकायलाही वेळ घेतं, पण चेहऱ्यापुरताच उजेड वाढवणं, फक्त लाल रंग दाबणं अशी कामं त्यात फार छान होतात. पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. ज्या लॅपटॉपवर दहा घरांची लग्नं साठवलेली आहेत, त्यात व्हायरस शिरला तर भरपाई कशाने करणार?

लॅपटॉपचं म्हणाल तर दुकानात नेऊन आधी एवढंच विचारा: यात रॅम ८ किंवा १६ जीबीपर्यंत वाढते का, आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसते का. दोन्हींचा मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने बराच कमी येतो. आणि हजार फोटो रॉमधून बनवायचेच नाहीत. निवड जेपीईजीवर करा. लग्नाचे मोजके फोटो असे असतात ज्यांच्यासाठी मूळ नोंद उघडावी: अंतरपाट खाली येतानाचा, पाठवणीचा, दोन्ही आज्यांचा एकत्र, आणि जिथे उजेडाने दगा दिला ते. बाकी सगळं जेपीईजीतच जाऊ द्या, रात्रीचं व्हॉट्सॲपही. तेव्हा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे दाबून लहान होतात. तुमचा मूळ पेच इथे बराचसा सुटतो. पाहुण्यांना त्या रात्री फोटो मिळतात, आणि अल्बमसाठी तुम्हाला वेळ मिळतो.

कार्डाचा हिशेब आधीच करा. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, जेपीईजी ७ ते १० एमबीची. दोन्ही एकत्र काढलं तर ६४ जीबीच्या कार्डात सतराशे-अठराशे फोटो बसतात. म्हणून एका लग्नाला अशी दोन कार्डं, आणि अक्षतांच्या आधी, मुहूर्ताची वाट बघत सगळे उभे असतात तेव्हा, नवं कार्ड घालून ठेवायचं. सलग शटर दाबत राहिलात तर रॉने कॅमेऱ्याचा बफर (कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती जागा) ही लवकर भरतो आणि तो अडकतो. अक्षता पडताना तीन-तीन फोटोंचे तुकडे करा.

अल्बम दिल्यावर नाकारलेल्या रॉ फाइल पुसून टाका, निवडलेल्या ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात राजा दीनदयाळ हे छायाचित्रकार निजामाच्या पदरी होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत आणि आजही त्यांतून नवे प्रिंट निघू शकतात. तुमच्या फाइलही सॉफ्टवेअर सुधारलं की पुढे आणखी चांगल्या उघडतील.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्यासाठीही थोडं: अनेक फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ असतं, डीएनजी नावाने, आणि स्नॅपसीड हे ॲप ती फाइल फुकट उघडतं. अजिंठ्याला फ्लॅशला मनाई आहे, आणि लेण्यांतला मंद पिवळसर उजेड फोनला नीट ओळखता येत नाही. तिथे हे करून बघा.

शेवटचं, ग्राहकाबद्दल. हल्ली नवरदेवाचे मित्र "रॉ पण द्या" म्हणतात. त्यांनाही तुमच्यासारखंच कुणीतरी सांगितलेलं असतं की रॉ म्हणजे भारी. त्यांच्या फोनवर ती फाइल उघडणार नाही, उघडली तर फिकी दिसेल, आणि नाव तुमच्या स्टुडिओचं जाईल. किती फोटो, कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत देणार आणि रॉ हवं असल्यास वेगळे पैसे किती, हे मामांशी बोलून बुकिंगच्या कागदावर आत्ताच छापून घ्या, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा लागायच्या आत.